रिपोर्ट आजचा, आजार कधीचा?

ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा गोषवारा देते. वाचक भगिनीचं वय २९, लग्नाला चार वर्षं झाली, पहिलंच बाळंतपण, सोळावा आठवडा चालू. नेहमीच्या रक्ततपासणीत 'व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, १:८' असं आलं. म्हणजे त्या तपासणीत दोष निघाला. पाठोपाठ केलेली टीपीएचए ही दुसरी तपासणीसुद्धा पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी सिफिलिस, म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणारा आजार, असल्याचं सांगितलं, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लिहून दिली आणि नवऱ्यालाही तपासणीला आणायला सांगितलं. याला सोळा दिवस झाले. त्या परत गेलेल्या नाहीत. रिपोर्ट कपाटात कपड्यांच्या घडीखाली आहे, नवऱ्याला 'काहीतरी इन्फेक्शन आहे' एवढंच माहीत आहे, आणि त्या रोज रात्री तो झोपल्यावर त्याचा फोन तपासतात. त्या लिहितात: "माझं लग्नाआधी एक नातं होतं, पण ते संपून सहा वर्षं झाली, त्याचा इथे काही संबंध नाही. मला आजवर कसलाच त्रास झालेला नाही. म्हणजे हे त्यानेच आणलं ना? बहीण म्हणते, गरोदरपणात असे रिपोर्ट खोटे येतात. तिनेच कुठेतरी वाचलं की एका गोळीनं हा आजार जातो, मग पोटात बाळ असताना एवढी जड इंजेक्शनं कशाला? मी आधी त्याच्याकडून खरं काढून घेऊ, की सरळ वेगळी होऊ?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यात नवराच दिसत होता, त्याचा फोन, त्याचं वागणं, त्याचं 'उशिरा येणं'. दुसऱ्यांदा वाचताना ते सोळा दिवस टोचले. एवढ्या मोठ्या पत्रात बाळाला काय होईल हे तुम्ही कुठेच विचारलेलं नाही. विचारायचीच भीती वाटली असणार. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

सिफिलिसचा जिवाणू आईच्या रक्तातून वारेत (प्लॅसेंटात) आणि वारेतून बाळात जातो. आईवर उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही विपरीत घडतं: गर्भपात, पोटातच बाळ दगावणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, किंवा आजार घेऊनच जन्मलेलं मूल. अशी काही बाळं जन्मतात तेव्हा अगदी ठणठणीत दिसतात. काही आठवड्यांनी नाक सतत वाहायला लागतं, अंगावर पुरळ येतं, हाडाला सूज आल्यामुळे एखादा हात बाळ हलवतच नाही, आणि मग धावाधाव होते. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण लगेच पुढचंही वाचा. पेनिसिलिन, म्हणजे तुम्हाला लिहून दिलेलं इंजेक्शन, वेळेवर मिळालं तर यातलं जवळजवळ सगळं टळतं. आईला दिलेलं औषध वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि पोटातल्या पोटात त्याच्यावरही उपचार होतात. २०१५ साली क्यूबाला, आईकडून बाळाला होणारा सिफिलिस आणि एचआयव्ही थोपवल्याबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, जगात सर्वांत आधी. सिफिलिसपुरतं बोलायचं तर त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नव्हतं. गरोदर बाईचं रक्त वेळेत तपासायचं आणि दोष निघाला तर इंजेक्शन द्यायला वेळ घालवायचा नाही, हे काम नेटानं केलं गेलं.

तुमचा सोळावा आठवडा आहे, म्हणजे वेळ हातात आहे. प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी उपचार सुरू झालेले असावेत असा डॉक्टरांचा हिशेब असतो. ती शेवटची गाडी झाली, तिच्यासाठी फलाटावर बसून राहायचं नसतं. तेव्हा 'आधी खरं काढून घेऊ की वेगळी होऊ' या दोन्हींच्या आधी इंजेक्शन. ते घ्यायला नवऱ्याची कबुली लागत नाही, त्याची सहीसुद्धा लागत नाही.

आता तुमच्या तर्काकडे येते. सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: 'ते संपून सहा वर्षं झाली, त्याचा इथे काही संबंध नाही.' हे तुम्ही इतक्या सहज लिहून पुढे गेलात की मला तिथेच थांबावंसं वाटलं. संबंध नाही हे कशावरून?

हा जिवाणू मी शिकत असताना एकदा पाहिला होता. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही, कारण त्याची जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जास्त नसते. त्यासाठी डार्क फील्ड नावाची सोय असते, सगळी पार्श्वभूमी काळीभोर आणि जे काही आहे तेवढंच उजळलेलं. त्या काळोखात चांदीच्या तारेची एक इवलीशी स्प्रिंग, स्वतःभोवती गिरक्या घेत, मध्येच कमरेत वाकत, सावकाश सरकत होती. कसली म्हणून घाई नाही. माझ्या मागे रांगेत उभा असलेला मुलगा डोळा लावून म्हणाला, "एवढंसं हे?" १९०५ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख होफमान यांनी तो पहिल्यांदा पाहिला, आणि इतका फिकट की नावातच ते आलं: ट्रेपोनेमा पॅलिडम, म्हणजे फिका.

त्याचा संथपणा नुसता दिसण्यापुरता नाही. काही जिवाणू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, याला तीस तासांहून जास्त लागतात. त्याच्या बाहेरच्या आवरणावर ओळखीच्या खुणा इतक्या मोजक्या की शरीराच्या पहारेकऱ्यांना तो चटकन सापडत नाही. स्वतःला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी त्याला बनवताच येत नाहीत, सगळं आपल्याकडून उचलतो. त्यामुळे माणसाबाहेर तो फार काळ टिकत नाही, आणि प्रयोगशाळेत त्याला सलग वाढवत ठेवणंही २०१८ पर्यंत कुणाला जमलं नव्हतं.

असा हा पाहुणा शिरला की साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी, शिरला त्या जागी एक व्रण उठतो. तो दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखावर उठला तर बाईला कळण्याचं कारणच नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, बरेचदा तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि सहसा त्याला खाज नसते. जोडीला बारीक ताप, घसा धरणं. ॲलर्जी असेल, उष्णता असेल म्हणून आपण सोडून देतो आणि तेही जातं. त्यानंतर सगळं शांत. माणूस कामाला जातो, लग्न करतो, संसार मांडतो, आणि रक्त तपासेपर्यंत वर्षानुवर्षं कुणालाही काही कळत नाही. उपचार न झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना दहा, वीस, तीस वर्षांनी तो हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, मेंदूत किंवा हाडांत गाठतो.

मग 'मला आजवर कसलाच त्रास झालेला नाही' याचा अर्थ काय उरतो? तुमचा नवराही उद्या हेच म्हणेल, आणि तोही खरंच बोलत असेल.

हे मी तुमच्याकडे बोट वळवायला लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या नात्यातून तुम्हाला तो मिळाला असू शकतो. नवऱ्याला लग्नाआधी कुणाकडून मिळून मग तुमच्याकडे आला असेल. लग्नानंतर त्याने बाहेर काही केलं असेल, हेही शक्य आहे, आणि तो निर्दोष आहे असं छातीठोकपणे सांगण्याइतकी मी त्याला ओळखत नाही. पण या तिन्हींत कागदावर हेच छापून येईल: रिॲक्टिव्ह, १:८. या १:८ चा अर्थ एवढाच की तुमच्या रक्तातला द्रव आठ पट पातळ केला तरी तपासणीत प्रतिक्रिया दिसते. आजार किती जुना आहे हे त्या आकड्यावरून काढता येत नाही.

नवऱ्याची तपासणी झाली की उलगडा होईल असं तुम्ही गृहीत धरलंय. होईलच असं नाही. जोडीदाराला हा आजार लागतो तो मुख्यतः व्रण आणि पुरळाच्या काळात, म्हणजे पहिल्या एखाद-दोन वर्षांत. पुढे तो शरीरसंबंधातून सहसा पसरत नाही, मात्र पोटातल्या बाळापर्यंत तेव्हाही पोहोचू शकतो. त्यामुळे बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, नवऱ्याचा निगेटिव्ह, आणि तरीही बाळाला धोका, अशी जोडपी असतात. त्याचा निगेटिव्ह आला तर कदाचित तुमचंच दुखणं जुनं असेल, किंवा त्याला लागण इतकी नवी असेल की रक्तात अजून उमटलीच नाही. पॉझिटिव्ह आला, तरी कुणाकडून कुणाकडे गेला ते रक्त सांगत नाही.

तारखेचा थोडाफार माग लागतो तो जुन्या निगेटिव्ह रिपोर्टवरून. रक्तपेढ्या दान केलेलं रक्त सिफिलिससाठी तपासतात. गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी कुणी रक्तदान केलं असेल, शस्त्रक्रियेआधी किंवा परदेशी जाताना अशी तपासणी झाली असेल, तर ते कागद शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. लागण वर्षाच्या आतली आहे असं नक्की ठरलं तर एका इंजेक्शनचा उपचार असतो. त्याहून जुनी असेल किंवा कधीची ते कळतच नसेल, तर आठवड्याला एक अशी तीन. तुम्हाला तीन लिहून दिलीत. म्हणजे ज्या प्रश्नानं तुमची झोप उडवलीय, तो प्रश्न डॉक्टरांनी अनुत्तरित ठेवूनच उपचार ठरवलेत. तुम्हालाही आत्ता तेवढंच करायचंय.

दुसऱ्यावर ढकलायची सवय या आजाराच्या जन्मापासूनची आहे, हे जाताजाता सांगते. १४९५ च्या सुमारास नेपल्सवर चालून गेलेल्या फ्रेंच फौजेत त्याचा भडका उडाला, तर इटलीतले लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले आणि फ्रान्समधले नेपल्सचा रोग. रशियात तो पोलंडचा रोग झाला. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात तो येतो 'फिरंग रोग' म्हणून, फिरंग्यांनी आणलेला. सिफिलिस हे नाव त्यातल्या त्यात निरुपद्रवी, १५३० साली फ्राकास्तोरो या इटालियन वैद्यानं केलेल्या काव्यातल्या एका मेंढपाळाचं. आणि आपला 'गुप्तरोग' हा शब्द तर रुग्णाला रिपोर्ट कपड्यांखाली ठेवायला जणू शिकवतोच. मला तो कधीच आवडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना सिफिलिसची नवी लागण झाली. एवढ्या लोकांत गुप्त ते काय राहिलं?

बहिणीचं म्हणणं मात्र अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. तिने काहीतरी खरं वाचलंय, फक्त अर्धं. व्हीडीआरएल ही तपासणी जिवाणूला शोधतच नाही. कार्डिओलिपिन नावाच्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं (शरीरानं लढण्यासाठी बनवलेली प्रथिनं) आहेत का, एवढंच ती बघते. सिफिलिसमध्ये ती तयार होतात, पण हिवतापात, कुष्ठरोगात, ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांत, उतारवयात आणि कधीकधी निव्वळ गरोदरपणातही होऊ शकतात. म्हणून तर दुसरी तपासणी करतात. टीपीएचए ही थेट ट्रेपोनेमाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते, आणि तुमची तीही पॉझिटिव्ह आहे. दोन्ही एकत्र आल्यावर 'खोटा रिपोर्ट' हा आधार फारसा उरत नाही. पूर्वी कधी यावर पूर्ण उपचार झाले असतील तर गोष्ट वेगळी. तसे झाले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणखी एक अपवाद आहे, आणि तिथेच बहिणीची ती गोळी सापडते. ट्रेपोनेमाचा गोतावळा मोठा आहे. सिफिलिसच्या जिवाणूची सख्खी भावंडं यॉज आणि बेजेल हे आजार करतात, आणि चुलत म्हणावा असा एक पिंटा. यॉज उष्ण, दमट प्रदेशातल्या लहान मुलांना होतो, कातडीला कातडी लागून, बेजेल कोरड्या प्रदेशात तोंडावाटे, पिंटा लॅटिन अमेरिकेत आणि कातडीपुरताच. शरीरसंबंधाशी यांचा काही संबंध नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती स्प्रिंग अगदी हीच, आणि रक्ताच्या या तपासण्यांनाही भावंडांत फरक करता येत नाही. लहानपणी यॉज होऊन गेलेल्या माणसाची टीपीएचए म्हातारपणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. १९५२ ते १९६४ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ४६ देशांत पेनिसिलिनची मोहीम काढून सुमारे पाच कोटी लोकांवर उपचार केले आणि हे आजार ९५ टक्क्यांनी खाली आणले. पुढे पाठपुरावा ढिला पडला आणि यॉजनं काही ठिकाणी पुन्हा डोकं वर काढलं. मग २०१२ साली पापुआ न्यू गिनीमधल्या अभ्यासात दिसलं की ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा तोंडावाटे एकच डोस यॉजवर इंजेक्शनच्या तोडीचं काम करतो. बहिणीनं वाचलेली गोळी बहुधा हीच.

ती तुमच्यासाठी नाही. सिफिलिसच्या जिवाणूनं बऱ्याच ठिकाणी ॲझिथ्रोमायसिनला दाद देणं सोडलंय, आणि हे औषध वार ओलांडून पुरेशा प्रमाणात बाळापर्यंत जात नाही. आई बरी झाल्यासारखी दिसेल आणि बाळ तसंच राहील. डॉक्सिसायक्लिन नावाचा दुसरा पर्याय गरोदरपणात देत नाहीत. पेनिसिलिन १९४३ पासून या आजारावर वापरलं जातंय आणि या जिवाणूला आजतागायत त्याच्यापुढे टिकायला जमलेलं नाही. बाळासाठी भरवशाचं औषध तेवढंच आहे. त्याची ॲलर्जी असेल तरी गरोदर बाईला रुग्णालयात नजरेखाली थेंबाथेंबानं मात्रा वाढवत सरावून तेच देतात, यावरून काय ते समजा.

इंजेक्शन जड आहे, हे खरं. बेंझाथिन पेनिसिलिन, एका वेळी २४ लाख युनिट, दुधासारखं दाट, कुल्ल्यात खोलवर, आणि दोन दिवस बसताना आठवण राहते. एवढं दाट असण्यालाही कारण आहे. पेनिसिलिन जिवाणूला मारतं ते तो दुभंगायच्या तयारीत असताना. आपला हा आळशी पाहुणा दुभंगायला तीस-तीस तास घेतो, म्हणून औषधही असं लागतं जे स्नायूत साठून राहील आणि दोन-तीन आठवडे झिरपत राहील. दोन इंजेक्शनांत सात दिवसांचं अंतर पाळा. गरोदरपणात अंतर नऊ दिवसांपलीकडे गेलं तर बहुतेक डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. पाहुणे आले, गावाला जायचंय, असली कारणं या तीन आठवड्यांत चालणार नाहीत.

पहिल्या इंजेक्शननंतर त्याच दिवशी ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. एकदम मेलेल्या जिवाणूंचा तो राडा असतो, औषधाची ॲलर्जी नव्हे, आणि साधारण दिवसभरात ओसरतो. गरोदर बाईला मात्र यात कधी कळा येऊ शकतात किंवा बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटते. तसं झालं तर घरी वाट न बघता तडक रुग्णालयात जा, पण पुढचं इंजेक्शन चुकवू नका. पहिलं कधी घ्यायचं, किती वेळ थांबायचं, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. त्याच फेरीत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या झाल्यात का तेही विचारून घ्या.

आता नवरा. फोन तपासणं थांबवा असं सांगितलं तर तुम्हाला राग येईल, तरी सांगते. सहा किंवा आठ वर्षांपूर्वी भरून आलेला व्रण फोनमध्ये सापडत नाही. सापडेल ते कुणाचंतरी हसरं इमोजी, आणि सध्याच्या मनःस्थितीत तुम्ही त्याचा पुरावा कराल.

त्याला सांगायला तर हवंच. त्याच्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा त्याच्याकडून आजारी पडू शकता. हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत शरीरसंबंध टाळायचे आहेत, आणि ते 'काहीतरी इन्फेक्शन'च्या आडून किती दिवस जमवाल? पहिलं इंजेक्शन घेऊन झाल्यावर, दोघंच असताना, भरल्या पोटी, साधं बोला. 'माझ्या रक्तात सिफिलिस निघालाय. आपल्यापैकी कुणाला कधीपासून आहे ते कळायला मार्ग नाही. बाळासाठी मी उपचार सुरू केलेत. तुलाही माझ्याबरोबर तपासायला यायचंय.' एवढंच. तो गडबडेल, कदाचित चिडेल, कदाचित तुमच्यावरच उलटेल. त्याच रात्री सगळ्याचा निकाल लावायचा अट्टहास नको.

तुमचं आधीचं नातं त्याला माहीत आहे का, हे पत्रात नाही. डॉक्टरांना ते सांगाच, त्यांना उपचारासाठी लागतं आणि त्यांच्याकडे ते गुप्त राहतं. नवऱ्याला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही. पण त्याच्या भूतकाळाचं पान न् पान उघडायला लावायचं आणि आपलं एक पान चिकटवून ठेवायचं, हे मला तरी न्यायाचं वाटत नाही. त्याला विचारणार असाल तर आपलंही सांगायची तयारी ठेवून विचारा.

मारहाणीची, घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर मात्र मी वर सांगितलेलं यातलं काहीही एकटीनं करू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना तसं स्पष्ट सांगा. जोडीदाराला स्वतः बोलावून समजावणं त्यांना नवं नाही.

मी समुपदेशनाच्या खोलीत बसत असे तेव्हाचं एक जोडपं आठवतं. दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह. आधी हिला विचारा, आधी याला विचारा, असं अर्धा तास चाललं होतं. दारात आमच्या सिस्टर हातात ट्रे धरून उभ्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचं भांडण चालू द्या, पण औषध कालवलंय, सुईत अडकायला लागेल. कोण आधी येतंय?" ते औषध ठेवून दिलं की खरंच सुईत गच्च बसतं. नवरा उठला. पडद्याआडून त्याचा 'आई गं' ऐकू आला, आणि बाहेर बसलेली बायको त्या दिवसात पहिल्यांदा हसली. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोघं येत होते.

वेगळं व्हायचं की नाही, याचा विचार या कागदावरून करू नका. त्याच्या वागण्यात फसवणुकीची दुसरी खूण असेल, त्याच्यासोबत राहणं या रिपोर्टच्या आधीही जड जात असेल, तर तो प्रश्न खराच आहे, आणि चार महिन्यांनीही तो तिथेच असेल. तेव्हा पुन्हा लिहा.

घरात इतर कुणाला लागेल का, ही धास्ती बऱ्याच जणांना असते म्हणून लिहिते: भांडी, टॉवेल, संडास, कपडे यांतून हा आजार पसरत नाही. काही वेगळं ठेवायची गरज नाही.

पुढच्या काही महिन्यांत व्हीडीआरएल पुन्हा पुन्हा होईल. १:८ चं १:२ झालं की औषध लागू पडलं असं धरतात, मात्र आकडा सावकाश उतरतो, दर आठवड्याला तपासून जीव काढू नका. तो उलट चारपट वाढला तर पुन्हा लागण झाली का हे बघावं लागतं. टीपीएचए मात्र बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. पाच वर्षांनी दुसऱ्याच कुठल्या कारणानं ती कुणी केली आणि 'तुम्हाला सिफिलिस आहे' असं सांगितलं, तर घाबरू नका, उपचार झाल्याचा कागद दाखवा. बाळाच्या रक्तातही सुरुवातीला प्रतिपिंडं सापडतील, कारण ती तुमच्याकडून वारेतून आलेली असतात. बाळाचा आकडा तुमच्यापेक्षा चारपट किंवा त्याहून जास्त आहे का, आणि पुढच्या तपासण्यांत तो उतरतोय का, हे बालरोगतज्ज्ञ बघतात. तुमच्याकडून आलेली प्रतिपिंडं महिन्यामहिन्यानं कमी होत नाहीशी होतात.

म्हणून प्रत्येक इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि सही असलेला कागद मागून घ्या, तो मागायला लाजू नका. पहिल्या व्हीडीआरएलचा रिपोर्टही कपड्यांखालून काढून त्याला जोडा आणि दोन्ही गरोदरपणाच्या फायलीत सगळ्यांत वर लावा. प्रसूतीच्या खोलीत तुम्हाला बोलायचं भान नसेल, आणि बाळाचं रक्त घ्यायचं का, त्याला इंजेक्शन द्यायचं का, हे तिथली मंडळी तो कागद बघूनच ठरवतील.